अफूचे पीक म्यानमारमध्ये का फोफावले?

प्रश्न : अफूच्या उत्पादनात अफगाणिस्तानला मागे टाकून म्यानमार पहिल्या क्रमांकावर गेल्याचे वाचले. तिथले शेतकरी हे बेकायदा पीक का घेतात? त्यांना दुसरे पीक देता येत नाही का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : आपण वाचले ते खरे आहे. तालिबानने एप्रिल २०२२ मध्ये बंदी घातली आणि अफगाणिस्तानातील लागवड सुमारे २,३३,००० हेक्टरवरून वर्षभरात १०,८०० हेक्टरवर आली. त्याच २०२३ साली म्यानमारमध्ये ४७,१०० हेक्टरांवर अफू होती आणि उत्पादन १,०८० टनांच्या घरात गेले होते. मात्र अफगाणिस्तानात बंदी आली म्हणून म्यानमारमध्ये पेरा वाढला, असे समजणे घाईचे ठरेल. २०२२ च्या हंगामातच तिथले क्षेत्र ३०,२०० वरून ४०,१०० हेक्टरांवर गेले होते, आणि ते पीक तालिबानच्या बंदीआधीच शेतात उभे होते. फेब्रुवारी २०२१ मध्ये लष्कराने सत्ता बळकावल्यानंतरचा तो पहिला पूर्ण हंगाम होता.

यातील बहुतेक लागवड शान प्रांताच्या डोंगराळ भागात होते. सत्तापालटानंतर चलन घसरले, खते महागली आणि रस्त्यांवर ठिकठिकाणी बंदूकधाऱ्यांचे नाके बसले. अशा वेळी मका किंवा भाजीपाला बाजारापर्यंत नेण्यातच नफा संपतो. अफूचे तसे नाही. बोंडांना चिरा पाडून दुसऱ्या दिवशी खरवडून घेतलेला चीक वजनाला हलका, किमतीला भारी आणि महिनोन्महिने टिकणारा असतो. तो विकत घेणारा दलाल गावात येतो आणि अनेकदा पेरणीच्या वेळीच उचल देऊन जातो. बँक नाही, पीकविमा नाही, सरकारी खरेदी नाही, अशा ठिकाणी हे पीक म्हणजेच शेतकऱ्याची पतपेढी असते. हेरॉईनच्या व्यापारातला मोठा पैसा त्याच्या हाती कधीच लागत नाही, हेही ध्यानात घ्यावे.

नुसत्या बंदीचा प्रयोग याच भूमीत होऊन गेला आहे. शानमधील ‘वा’ नावाच्या जमातीच्या सशस्त्र गटाने २००५ मध्ये आपल्या टापूत अफूवर बंदी घातली. देशातील एकूण लागवड २००६ पर्यंत सुमारे २१,५०० हेक्टरांपर्यंत उतरली, पण बंदी आलेल्या गावांत अन्नाचीच टंचाई पडली, पीक दक्षिण शानकडे सरकले आणि २०१३ मध्ये क्षेत्र ५७,८०० हेक्टरांवर गेले.

पर्यायी पीक मुळीच जमत नाही असे नाही. दक्षिण शानमध्येच संयुक्त राष्ट्रांच्या मदतीने उभ्या राहिलेल्या सहकारी संस्थेची कॉफी फ्रान्सपर्यंत गेली आहे. परंतु कॉफीची रोपे फळायला तीन-चार वर्षे घेतात, आणि उद्या गावात कोणाची सत्ता असेल हे ठाऊक नसलेल्या माणसाला चार वर्षांनंतरच्या उत्पन्नाचे आश्वासन देणे अवघड असते. शेजारच्या थायलंडने १९६९ पासून राजघराण्याच्या प्रकल्पातून डोंगरी शेतकऱ्यांना फळे, भाजीपाला, कॉफी यांकडे वळवले खरे, पण तिथे रस्ते, शाळा आणि खरेदीची हमी देणारे एकच सरकार होते, आणि तरीही काही दशके लागली. म्यानमारमध्ये नेमके तेच सरकार जागेवर नाही.

प्रश्न : मग अनारशांना लावतो ती खसखस अशाच शेतांतून येते का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : नाही. झाड तेच असले, तरी आपल्याकडची कायदेशीर खसखस मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशातील परवानाधारक शेतकऱ्यांकडून किंवा तुर्कस्तानसारख्या, अफूची कायदेशीर लागवड असलेल्या देशांतून येते. परवानाधारकाने चीक केंद्र सरकारलाच द्यायचा असतो, बी मात्र तो बाजारात विकू शकतो. परदेशातून येणाऱ्या मालासोबत तो कायदेशीर लागवडीतला असल्याचे प्रमाणपत्र लागते, आणि शानच्या डोंगरातल्या शेताला ते मिळण्याची सोय नाही.