फोर्ड घ्या, पण ठेव मोडून नको

काका, तुम्ही विचारलंत : १९३० ची फोर्ड मॉडेल ए, चार दारांची उघडी टूरिंग गाडी १८ लाखांना मिळते आहे, निवृत्तीच्या ३० लाखांच्या ठेवीतून घेऊ का? दहा वर्षांत दुप्पट होईल, असं विकणारा म्हणतो.

फोटो दोनदा पाहिले. २०२३ च्या जानेवारीत आपल्या बडोद्यात लक्ष्मी विलास पॅलेसमध्ये जुन्या गाड्यांचं प्रदर्शन भरलं, तेव्हा मीही तासभर रेंगाळलो होतो. तुमचा जीव का अडकला ते कळतं.

पण १८ लाख ठेवीतच राहिले तर सात टक्क्यांनी दहा वर्षांत, कर सोडला तर, ३५ लाख होतात. म्हणजे गाडी खरंच दुप्पट झाली तरी बरोबरी जेमतेम. टायर, बॅटरी, विमा, मिस्त्री हे वरून. स्वतःच्या वापराच्या गाडीवरच्या नफ्याला भांडवली नफ्याचा कर नाही, हे खरं. पण उद्या काकूंच्या ऑपरेशनला पैसे लागले तर आठवड्यात गिऱ्हाईक कुठून आणणार?

इंजिनाची मला चिंता नाही. ३.३ लिटर, ४० अश्वशक्ती, साधी रचना, आणि सुटे भाग अमेरिकेत आजही नवे बनतात. चिंता बॉडीची आहे. मागच्या डाव्या दाराची फट वर कागदाएवढी, खाली बोट जाईल एवढी दिसते. आतलं लाकूड कुजलं किंवा चासी, म्हणजे खालचा सांगाडा, वाकली की दार असं लोंबतं. वर रंग ताजा. फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक दाराच्या खालच्या कडेवर फिरवा. धरत नाही तिथे पुट्टी आहे. हे काम निघालं तर लाखांत जाईल, आणि तेवढे भावातून कापून घ्यायचे.

नोंदणी संपली असेल तर २०२१ च्या नियमांनुसार विंटेज म्हणून करता येते : नवीन नोंदणी २० हजार, पुनर्नोंदणी ५ हजार. मग रॅली, प्रदर्शन, दुरुस्तीसाठी काढायची. रोज मांडवीत भाजीला नाही.

माझं मत : ठेवीला हात लावू नका. वाघोडिया रोडचा प्लॉट विकायचाच आहे ना? ते पैसे हातात येईपर्यंत थांबा, आणि त्यातूनच हौस म्हणून घ्या. तोवर बयाणाही देऊ नका. इंजिनाचा नंबर ब्लॉकच्या डाव्या बाजूला कोरलेला असतो. तो आणि आरसी बुकावरचा, दोन्हींचे फोटो मला पाठवा.