पोट दुखत नाही म्हणून वेदनाशामक गोळी सोसतेय, असं समजू नका

तुमच्या आईचं वय ७२, बीपीची गोळी चालू, आणि गुडघ्यांसाठी दीड वर्ष रोज डायक्लोफेनॅक. पोटाची तक्रार नाही, मग चालू ठेवावी का, असं तुम्ही विचारलंय. डॉक्टरांना दाखवल्याशिवाय ठेवू नका.

मी १८ वर्षं औषधाच्या दुकानात काउंटरला उभा असतो. माझे वडील पाठीसाठी एसिक्लोफेनॅक (डायक्लोफेनॅकच्याच जातीची वेदनाशामक गोळी) घ्यायचे, शिवाय हृदयासाठी ॲस्पिरिन. एकदा त्यांना संडासला काळं झालं, डांबरासारखं चिकट. आईला वाटलं पालकाची भाजी बाधली. तिसऱ्या दिवशी मोरीत चक्कर येऊन पडले. हिमोग्लोबिन ६ निघालं. पोट एकदाही दुखलं नव्हतं! म्हातारपणी अल्सरमधून (जठरातल्या जखमेतून) असं न दुखताच रक्त वाहत राहू शकतं, आणि तेच संडासला काळं दिसतं.

शरीरातली जी द्रव्यं सूज आणतात, तीच जठराचं अस्तर जपतात आणि किडनीचा रक्तपुरवठा टिकवतात. वेदनाशामक गोळी दोन्हीकडे आडवी येते. सोबत दिलेल्या पॅन्टोप्राझोलने (ॲसिड कमी करणाऱ्या गोळीने) पोट बऱ्यापैकी सांभाळलं जातं, किडनी नाही.

म्हणून आईच्या बीपीच्या स्ट्रिपवरची बारीक अक्षरं वाचा. टेल्मिसार्टन किंवा रामिप्रिल, आणि जोडीला हायड्रोक्लोरोथायझाइड हे लघवी वाढवणारं औषध (नावापुढे ‘एच’ असेल तर बहुधा तेच) असेल, तर वेदनाशामक धरून तिघं मिळून किडनीवर भार टाकतात. त्यात जुलाब लागले किंवा उन्हाळ्यात पाणी कमी पडलं, तर क्रिएटिनिन (किडनी मंदावली की रक्तात वाढणारं द्रव्य) चार दिवसांत चढतं. शिवाय वेदनाशामकाने मीठ-पाणी अंगात साठून बीपी वाढतं, पाय सुजतात. ज्यांचं हृदय आधीच कमजोर आहे, त्यांना तर धाप लागते.

‘पोटाला हलकी’ म्हणून कुणी एटोरिकॉक्सिब ही दुसरी वेदनाशामक सुचवेल. त्याच गटातलं रोफेकॉक्सिब हार्ट ॲटॅक आणि पक्षाघाताच्या धोक्यामुळे २००४ साली बाजारातून काढलं गेलं, हे लक्षात असू द्या.

घरातल्या सगळ्या स्ट्रिपा पिशवीत घालून डॉक्टरांकडे न्या, हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासायचं का विचारा. गुडघ्यांसाठी डायक्लोफेनॅकचं जेल, मांडीचे व्यायाम, डॉक्टरांनी ठरवलेल्या मात्रेत पॅरासिटामॉल, यांवर पुष्कळांचं भागतं. बीपीची गोळी मात्र मनाने थांबवू नका. संडासला काळं झालं किंवा उलटीत रक्त दिसलं, तर सकाळची वाट न बघता हॉस्पिटल गाठा.

आणि आईला आजच विचारा, संडासचा रंग कसा असतो. वडिलांनी संकोचापोटी मला सांगितलं नव्हतं, आणि मीही कधी विचारलं नव्हतं.