प्रभुभोजनाच्या वेळी पाहुण्याने काय करावे?

प्रश्न : मी साताऱ्याची असून सध्या न्यू जर्सीत मुलीकडे राहायला आले आहे. शेजारच्या आजी एपिस्कोपल चर्चला जातात. त्यांची नात तेथील गायकवृंदात गाते, म्हणून येत्या रविवारी मी सोबत यावे असा त्यांचा आग्रह आहे. मी आजवर चर्चची पायरी चढलेले नाही. पादत्राणे काढायची का, केव्हा उठायचे, केव्हा बसायचे, आणि प्रसाद पुढे आला तर घ्यायचा की नाही? नाकारल्यास त्यांना वाईट तर वाटणार नाही ना?
— एक वाचक

उत्तर : आपण अवश्य जावे. पादत्राणे काढायची नसतात, डोक्यावर पदर घेण्याचीही अपेक्षा नसते आणि नेहमीची साडी अगदी योग्य ठरेल. दहा मिनिटे आधी पोहोचलात तर दाराशी उभी असलेली मंडळी हाती छापील पत्रिका देतील; त्या दिवसाचा सारा क्रम तीत असतो. बाकाच्या पाठीला लावलेल्या कप्प्यात प्रार्थनेचे आणि गीतांचे अशी दोन पुस्तके असतात. गीताला सहसा उभे राहतात, वाचन व प्रवचन बसून ऐकतात आणि प्रार्थनेला काही जण गुडघे टेकतात. मात्र शुभवर्तमान, म्हणजे बायबलातील येशूचे चरित्र, वाचताना सर्वच उभे राहतात, आणि पुष्कळ ठिकाणी तो ग्रंथ मिरवत मंडळीच्या मध्यभागी आणून वाचला जातो. आपण पुढच्या बाकावरच्यांकडे पाहावे. गुडघे दुखत असतील तर बसून राहावे.

मेणबत्त्या, झगे आणि वेदी पाहून हे कॅथलिक चर्च आहे असे वाटण्याचा संभव आहे. वस्तुतः ही इंग्लंडच्या चर्चची अमेरिकन शाखा असून, अमेरिका स्वतंत्र झाल्यावर १७८९ साली तिने स्वतःची घटना केली. येथील धर्मगुरू विवाहित असू शकतात, आणि १९७६ च्या निर्णयापासून स्त्रियांनाही हे पद रीतसर मिळते. त्यामुळे वेदीपाशी एखादी स्त्री उभी दिसली तर नवल वाटू देऊ नये.

उपासनेच्या मध्यावर सगळे एकमेकांना शांती चिंतून हस्तांदोलन करतात. आपण हात जोडून नमस्कार केलात तरी तो तितक्याच आपुलकीने स्वीकारला जाईल. त्यानंतर दानाचे तबक फिरते. पाहुण्याने त्यात काही टाकलेच पाहिजे असे नाही.

आता आपल्या मुख्य शंकेविषयी. आपल्याकडे प्रसाद नाकारणे म्हणजे देवाचा आणि देणाऱ्याचा अनादर, ही भावना इतकी खोल रुजलेली असते की पुढे आलेला हात आपण सहसा मागे लोटत नाही. येथे मात्र तो संस्कार थोडा बाजूला ठेवावा लागतो, कारण प्रभुभोजनातील भाकर आणि द्राक्षारस ही पाहुण्याला दिलेली भेट नसून, घेणारा ख्रिस्ताच्या मंडळीत सामील असल्याची ती खूण आहे. म्हणूनच या चर्चच्या नियमांनुसार ती बाप्तिस्मा, म्हणजे ख्रिस्ती दीक्षाविधी, झालेल्यांसाठी राखलेली आहे. न घेण्याने कोणाचाही अवमान होत नाही. उलट, तिचा अर्थ ओळखून ती न स्वीकारणे हाच त्या विधीचा मान आहे, असे मला मनापासून वाटते. आपण बाकावर बसून राहू शकता. जावेसे वाटले तर रांगेतून पुढे जाऊन वेदीपुढच्या कठड्यापाशी दोन्ही हात छातीवर फुलीसारखे दुमडून उभे राहावे. धर्मगुरू ती खूण ओळखतात, भाकरीऐवजी आशीर्वादाचे दोन शब्द बोलतात, आणि आपण इतरांबरोबर परत येऊन बसता. त्या आजींना आधी विचारलेत तर त्याही हेच सांगतील.

उपासना साधारण तासा-सव्वातासाने संपते. त्यानंतर बहुतेक ठिकाणी शेजारच्या दालनात कॉफी आणि खाण्याचे पदार्थ मांडलेले असतात. तो धार्मिक विधी नव्हे, त्यामुळे तेथे निःशंकपणे सहभागी व्हावे. पुण्यात १८९० साली याच अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या, परंपरेतल्या पंचहौद मिशनमध्ये झालेल्या चहापानावरून टिळक आणि रानडे यांच्यावर ग्रामण्य, म्हणजे जातिबहिष्काराचे प्रकरण, आले होते. आज त्या कॉफीच्या टेबलापाशी आपल्याला फक्त एवढेच विचारतील की दूध हवे की नको. नातीचे गाणे कसे झाले हेही तिला तेथेच सांगता येईल.