ख्रिस्ती घरात वाढलो, पण आता विश्वासांगीकार मनापासून म्हणवत नाही. देवाची ओढ मात्र सुटत नाही. शोध कुठून सुरू करू?

तुम्ही लिहिलं आहे की संडे स्कूल, रोज रात्रीची कौटुंबिक प्रार्थना, दृढीकरण (बाप्तिस्म्याची वचनं स्वतः पक्की करण्याचा विधी), सगळं रीतसर झालं. आता उपासनेत सगळे उभे राहून विश्वासांगीकार, म्हणजे आपण काय मानतो ते सांगणारे ठरलेले शब्द, म्हणतात तेव्हा तुमचे ओठ हलतात, पण मन साथ देत नाही. नास्तिक व्हायचं नाही, मागे फिरायचं तर तेही जमत नाही, आणि हा देवाशी आणि आईवडिलांशी द्रोह आहे ही टोचणी वेगळीच. मीही अशाच घरात वाढले, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी द्रोहाचं बोलू, कारण ती टोचणी असेपर्यंत बाकी काही नीट दिसत नाही. ईयोबाचं पुस्तक पुन्हा वाचा. मुलांना शिकवतात ते फक्त सुरुवातीचं आणि शेवटचं, म्हणजे त्याचं सर्वस्व गेलं, त्याने धीर धरला आणि त्याला सगळं दुपटीने परत मिळालं. पण पुस्तकाचे ४२ अध्याय आहेत आणि त्यातला बराचसा भाग वादाचा आहे. ईयोब आपल्या जन्मदिवसाला शाप देतो, देवाने समोर येऊन जाब द्यावा असं म्हणतो. त्याचे मित्र मात्र देवाची बाजू लढवत असतात: देव न्यायी आहे, तुझंच काहीतरी चुकलं असणार, नम्र हो. त्यांची भाषणं वाचताना आपण ऐकलेली कितीतरी प्रवचनं आठवतात. आणि शेवटी देवाचा राग कोणावर निघतो? त्या मित्रांवर. माझा सेवक ईयोब माझ्याविषयी यथार्थ बोलला, तसं तुम्ही बोलला नाहीत, असं तो त्यांना सुनावतो, आणि त्यांच्यासाठी प्रार्थना करायचं काम ईयोबावरच सोपवतो. ८८ वं स्तोत्रही बघा. बहुतेक विलापस्तोत्रं शेवटाकडे स्तुतीकडे वळतात. हे वळत नाही, अंधारातच संपतं. ज्यांनी ही पानं पवित्र शास्त्रात राहू दिली त्यांना तुमच्यासारखी माणसं ठाऊक होती. शंका घेणाऱ्याला या परंपरेत जागा आहे. ती तुम्हाला कोणी दाखवली नाही, एवढंच.

आता, नेमकं काय पटत नाही हे कागदावर लिहून काढा. डोक्यात घोळवत बसू नका, लिहाच. लिहिताना दिसेल की सगळं एकाच जातीचं नाही. काही गोष्टी सिद्धांताच्या असतात: त्रैक्य (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव), येशूचा कुमारीजन्म, 'तारणाचा हा एकच मार्ग' हा दावा. काही माणसांच्या असतात: मंडळीतली भांडणं, एखाद्या पाळकाचं वागणं, स्त्रियांना मिळालेली वागणूक, गप्प बसवलं जाणं. आणि काही निव्वळ भीतीच्या असतात. तिन्हींवरचे उपाय वेगळे आहेत. माणसांनी दिलेली जखम सिद्धांताची पुस्तकं वाचून भरत नाही, आणि खरी बौद्धिक अडचण असेल तर मंडळी बदलून ती सुटत नाही.

भीतीबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण पुष्कळांचा शोध तिथेच अडतो. नरकाची भीती लहानपणी बसलेली असते, म्हणून ती युक्तिवादाने लगेच जात नाही. तरी इतिहास माहीत असला तर तिची पकड सैल होते. अनंतकाळच्या यातना हे ख्रिस्ती विचारातलं एकमेव मत कधीच नव्हतं. तिसऱ्या शतकातल्या ओरिगेन या धर्मपंडिताने सर्वांच्या अखेरच्या पुनःस्थापनेचा, म्हणजे शेवटी सगळेच देवाकडे परत येतील असा, विचार मांडला. पुढे त्याच्यावर दोषारोप झाले हे खरं. पण चौथ्या शतकातला निसाचा बिशप ग्रेगरी हीच आशा बाळगून होता, आणि त्याला आजही संत मानतात. निकायाच्या विश्वासांगीकाराचं जे रूप आज आपण म्हणतो ते ज्या परिषदेशी जोडलं जातं, त्या ३८१ सालच्या परिषदेला तो हजर होता. सातव्या शतकातल्या निनवेच्या इसहाक या संन्याशाला देवाने सूडापोटी शिक्षा करावी ही कल्पनाच सहन होत नव्हती. म्हणजे तुमच्या मनात जो प्रश्न आला तो या मोठ्या माणसांच्याही मनात आला होता, आणि ते ख्रिस्ती म्हणूनच जगले. भीतीपोटी केलेला निर्णय, राहण्याचा असो की निघण्याचा, माझ्या मते थोडा पुढे ढकलावा.

सिद्धांताची अडचण असेल तर पंडिता रमाबाईंकडे बघा. १८८३ मध्ये त्यांनी इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला, आणि त्यानंतर ज्या ख्रिस्ती संन्यासिनींच्या आश्रयाला त्या होत्या त्यांच्याशीच त्रैक्यावरून, चर्चच्या अधिकारावरून त्यांचा पत्रांतून कडकडून वाद झाला. एका पुरोहितशाहीतून सुटून आले ती दुसरीचं जू मानेवर घ्यायला नव्हे, अशा अर्थाचं त्यांनी स्पष्ट लिहिलं. मला त्यांच्यात सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे की त्यांनी वाद घालणं आणि भक्ती करणं यांत निवड केली नाही. दोन्ही केलं. पुढे त्यांनी बायबलचं मराठी भाषांतर स्वतः केलं, आयुष्याचा मोठा काळ त्यात घातला. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांचंही तसंच. १९१७ मध्ये मिशनच्या कामातून बाहेर पडून त्यांनी 'देवाचा दरबार' उभारला, आणि त्यात बाप्तिस्मा झालेल्या आणि न झालेल्या अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांना जागा ठेवली. पुढच्या दोन वर्षांत ते गेले, नाहीतर हा प्रयोग कुठवर गेला असता याची मला फार उत्सुकता आहे.

पण तुमच्या प्रश्नातलं एक वाक्य मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं: 'प्रार्थनेला बसलो की पूर्वीसारखं काहीच वाटत नाही.' याला तुम्ही विश्वास संपला असं म्हणता. क्रूसाचा संत योहान मात्र त्याला दुसरं काही म्हणाला असता. सोळाव्या शतकातला हा स्पॅनिश संन्यासी. १५७७ च्या अखेरीस त्याच्याच संघातल्या लोकांनी त्याला कोंडून ठेवलं. सुमारे नऊ महिन्यांनी तो तिथून निसटला. 'आत्म्याची काळोखी रात्र' हा शब्दप्रयोग लोक आज कुठल्याही दुःखाला लावतात, पण त्याने ती नेमकी ओळखता यावी म्हणून तीन खुणा दिल्या आहेत. एक, देवाच्या गोष्टींत गोडी राहत नाही, पण जगाच्या गोष्टींतही ती सापडत नाही. दोन, आपण मागे पडतोय, देवाची सेवा आपल्याकडून होत नाही, याची सतत काळजी वाटते. तीन, पूर्वी प्रसंग डोळ्यांसमोर आणून जसं मनन करता यायचं तसं आता प्रयत्न करूनही होत नाही. या तिन्ही एकत्र असतील तर जुन्या पद्धतीची प्रार्थना संपून तिच्या जागी शांत, शब्दांवाचूनची प्रार्थना येऊ पाहते आहे, असं तो सांगतो. ज्याला खरंच देणंघेणं उरलेलं नाही तो असा प्रश्न विचारत बसत नाही. तुम्ही विचारता आहात.

इथे एक गोष्ट सांभाळा. योहानाला स्वतःलाही हे माहीत होतं की अशी कोरड कधीकधी उदासपणाच्या आजारातून येते. झोप उडाली असेल, कशातच रस राहिला नसेल, जगणंच नकोसं वाटत असेल, तर आधी डॉक्टरांकडे जा. तिथे अध्यात्म आड येऊ देऊ नका.

दुसऱ्या परंपरांकडे जावं का, हाही तुमचा प्रश्न होता. जावं. त्यात लपवण्यासारखं काही नाही. कॅथलिक चर्चनेसुद्धा १९६५ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या जाहीरनाम्यात म्हटलं की इतर धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे त्यातलं काहीही चर्च नाकारत नाही. पण कसं जावं याबद्दल माझं मत ठाम आहे. एका वेळी एका ठिकाणी जा, आणि तिथल्या माणसांसारखे जा. इथलं थोडं ध्यान, तिथलं थोडं सूफी काव्य, एखादं शिबिर, अशी वेचावेच वर्षानुवर्षं चालते आणि हाताला काही लागत नाही, कारण कुठलीच परंपरा आपल्याकडून काही मागेपर्यंत आपण तिथे थांबतच नाही. विपश्यना करायची तर तिची शिस्त घ्या. उपनिषदं वाचायची तर जाणत्या माणसाजवळ बसून वाचा.

स्वामी अभिषिक्तानंदांचं उदाहरण देते. हे मूळचे फ्रेंच बेनेडिक्टाइन संन्यासी, नाव आंरी ल सो. १९४८ मध्ये भारतात आले, पुढच्याच वर्षी रमण महर्षींचं दर्शन घेतलं आणि हादरून गेले. नंतर अरुणाचलाच्या गुहांत राहिले. अद्वैताचा अनुभव आणि मिस्सा (कॅथलिकांची मुख्य उपासना) यांचा मेळ त्यांच्या बुद्धीला बसत नव्हता. त्यांच्या रोजनिशीत ही ओढाताण वर्षानुवर्षं चाललेली दिसते. त्यांनी ती सोडवण्याची घाई केली नाही. १९७३ मध्ये वारले तोपर्यंत ते धर्मगुरूच राहिले, आणि अद्वैतही त्यांनी सोडलं नाही. तुम्हाला इतकं ताणून धरणं जमेल की नाही मला सांगता येणार नाही. पण 'एक काय ते ठरवून टाक' असं कोणी म्हणालं तर हे आठवा.

नवीन गट किंवा गुरू मिळाला तर मात्र डोळे उघडे ठेवा. प्रश्न विचारलेला चालत नसेल, घरच्यांपासून तोडलं जात असेल, पैशांचा हिशोब झाकला जात असेल, तर लगेच निघा. कडक धार्मिक शिस्तीत वाढलेल्या माणसाला दुसऱ्या कडक शिस्तीत लवकर आपलंसं वाटतं, हे मी जवळून पाहिलं आहे.

तोवर रोज काय करायचं? मी करते ते सांगते. जुन्या मठांतली एक पद्धत आहे. बाराव्या शतकातल्या गिगो नावाच्या संन्याशाने तिच्या चार पायऱ्या सांगितल्या: वाचन, मनन, प्रार्थना, आणि मग नुसतं देवापाशी असणं. एक छोटा उतारा घ्यायचा, हळू वाचायचा, एखादा शब्द किंवा वाक्य अडकलं की तिथेच थांबायचं. अर्थ लावायची, उपदेश काढायची घाई नाही. आणि वाचलेलं सगळं खरं मानलंच पाहिजे अशी अटही नाही, त्यामुळे तुमच्यासारख्याला ही पद्धत सोयीची आहे.

१ राजे, अध्याय १९ पासून सुरुवात करा. एलीया जीव मुठीत धरून पळाला आहे, झाडाखाली मरण मागून झालं आहे, आता गुहेत आहे. देव विचारतो, एलीया, तू इथे काय करतो आहेस? तो सांगतो: मी तुझ्यासाठी इतका झटलो, आता मी एकटाच उरलोय, माझ्याही जिवावर उठलेत. मग वादळ येतं, भूकंप येतो, अग्नी येतो, आणि त्यांत देव नसतो. त्यानंतर एक शांत, मंद वाणी. बहुतेक प्रवचनं इथे संपतात. मी पुष्कळदा वाचल्यावर माझं लक्ष पुढच्या ओळींकडे गेलं: देव पुन्हा तोच प्रश्न विचारतो, आणि एलीया पुन्हा तेच उत्तर देतो, जवळजवळ शब्दाला शब्द. एवढा मोठा अनुभव येऊनही त्याची तक्रार तशीच आहे! आणि देव त्यावरून त्याला रागावत नाही, समजूतही घालत नाही. परत जायला सांगतो, काम देतो, अलीशा नावाचा सोबती देतो, आणि तू एकटा नाहीस, इस्राएलात अजून सात हजार आहेत, असं सांगतो. 'तू इथे काय करतो आहेस' या एका प्रश्नापाशी मी बरेच दिवस बसले. उत्तर दर वेळी वेगळं आलं, काही वेळा आलंच नाही.

बसून शब्द जमत नसतील तर क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांची मूक उपासना कुठे असेल तर एकदा जाऊन या. व्यासपीठ नाही, प्रवचन नाही, सगळे गप्प बसतात. एखाद्याला आतून वाटलं तर तो उठून दोन वाक्यं बोलतो आणि पुन्हा बसतो. जिथे कोणी तुमच्या तोंडून काही वदवून घेत नाही अशा जागी बसल्यावर, आपल्याला खरोखर काय म्हणायचं आहे ते ऐकू यायला लागतं. निदान मला तरी आलं.

राहिला आईवडिलांचा प्रश्न. 'माझा विश्वास राहिला नाही' या वाक्याने सुरुवात करू नका. ते खरंही नाही, आणि त्यांच्या कानांवर ते 'आम्ही तुला गमावलं' असंच पडेल. तुम्ही काय करता ते सांगा: मी रोज सकाळी स्तोत्र वाचतो, शांत बसतो, काही गोष्टी मला अजून उमगत नाहीत, आणि मी त्या शोधतो आहे. वाद निघाला तर तो जिंकायला जाऊ नका. त्यांनी शिकवलेलं २३ वं स्तोत्र अडचणीच्या वेळी अजूनही आपोआप तुमच्या ओठांवर येत असेल, तर तेही त्यांना सांगा. ते खरं आहे आणि त्यांना ते ऐकायचं असतं.

त्यांच्यासोबत उपासनेला जायची वेळ आली तर जा. गाणी गा. विश्वासांगीकाराच्या वेळी सगळ्यांबरोबर उभे राहा, ज्या ओळी म्हणवतील त्या म्हणा आणि बाकीच्या ओळींना गप्प राहा. प्रभुभोजन घ्यावं असं मनापासून वाटत नसेल तर जागेवर बसून राहिलात तरी चालतं, कोणाला स्पष्टीकरण द्यायची गरज नाही. शेजारच्याने विचारलंच, तर 'आज नाही' एवढं पुरे.