यातलं शून्य कोणाचं?

प्रश्न : ताई, मी दीड वर्षापासून लिनक्स कर्नलवर काम करतोय. एक्स-८६ प्रोसेसरांवरच्या मेमरी टाइपच्या (मेमरीचा कुठला भाग कॅशमध्ये कसा ठेवायचा ते ठरवणाऱ्या) कोडची साफसफाई करणारी नऊ पॅचची (कोडमधल्या सुट्या बदलांची) मालिका माझ्याकडे रिव्ह्यूला आली आहे. आकड्यांच्या जागी नावं दिलीत, काही फंक्शनं दुसऱ्या फाइलमध्ये हलवलीत. प्रत्येक पॅचखाली 'वागणुकीत बदल नाही' असं लिहिलंय. वाचून मलाही सगळं बरोबरच वाटतं. मग नेमकं बघू काय? – एक वाचक, नाशिक

उत्तर : 'वागणुकीत बदल नाही' हे वाक्य दिसलं की मी चहा बाजूला ठेवते. ते खोटं असतं असं नाही, पण ते वाचल्यावर आपलं वाचन सैल पडतं.

तू आधी शून्य शोध. पीएटी (पेज अॅट्रिब्यूट टेबल) म्हणजे मेमरीच्या पानांसाठी कॅशिंगचे प्रकार ठेवणारं प्रोसेसरचं रजिस्टर. त्यात आठ खाने असतात, प्रत्येक खाना एका बाइटचा. मशीन सुरू होताना त्यात असलेली किंमत हेक्समध्ये अशी : ०००७०४०६०००७०४०६. उजवीकडून दोन-दोन अंक वाच. ०६ म्हणजे राइट-बॅक (लिहिलेलं आधी कॅशमध्ये, रॅममध्ये नंतर), ०४ राइट-थ्रू (लिहिलेलं लगेच रॅममध्येही), ०७ यूसी-मायनस (जरा सैल अनकॅशेबल), ०० अनकॅशेबल. पुढे तेच चार पुन्हा. म्हणजे प्रोसेसरच्या लेखी ० चा अर्थ 'हे कॅशमध्ये ठेवायचंच नाही'. आता कर्नलमधला पेज-कॅश-मोडचा इनम (आकड्यांना नावं देणारी यादी) उघड. तिथे राइट-बॅक ० आहे आणि अनकॅशेबल ३! शिवाय पेज टेबलात मेमरीच्या प्रत्येक पानाच्या नोंदीतले तीन बिट मिळून होतो तो खान्याचा नंबर, म्हणजे तिसराच हिशेब. सी भाषेला तिन्ही नुसते आकडे. एकाच्या जागी दुसरा गेला तरी कंपायलर बहुतेक वेळा चूं करत नाही. हा इनम आला तो फेब्रुवारी २०१५ च्या ३.१९ कर्नलमध्ये, हेच हिशेब वेगळे ठेवण्यासाठी. झेनवर (एका मशीनवर अनेक सिस्टिमा चालवणाऱ्या हायपरवायझरवर) पीएटीच्या खान्यांची मांडणी लिनक्सपेक्षा वेगळी होती, त्यामुळे बिट म्हणजेच टाइप असं धरून चालणं तिथे जमत नव्हतं.

म्हणून प्रत्येक नव्या नावापाशी थांबून विचार, यातलं शून्य कोणाचं? राइट-बॅकची तुलना 'अँड' करून केलेली दिसली, तर शून्याशी अँड शून्यच, ती अट कधीच खरी होणार नाही.

आता माझी फजिती. एका कंपनीच्या खासगी कर्नलमध्ये असाच एक साफसफाईचा पॅच मी पास केला होता. लहान आणि मोठ्या पानांसाठी दोन वेगळी फंक्शनं होती. दिसायला जुळी, म्हणून लेखकाने त्यांचं एक केलं. मला ते आवडलंही. पण ४ केबीच्या पानात पीएटीचा बिट सातवा असतो. २ एमबीच्या पानात सातवा बिट 'हे मोठं पान आहे' एवढंच सांगतो, आणि पीएटी जातो बाराव्यावर. त्यामुळे मोठ्या पानाचा टाइप वाचताना वरचा बिट कायम १ यायचा. खाना ३ असेल तर ७ वाचला जाणार.

तरी काहीच बिघडलं नाही! तेव्हा वरचे चार खाने खालच्या चारांची नक्कलच होते. मग २०१५ मध्ये लिनक्समध्ये सातव्या खान्यात राइट-थ्रू आलं, ते आम्हीही घेतलं, आणि जुनी चूक वर आली. मोठं पान फोडून लहान पानं करताना अनकॅशेबलचं राइट-थ्रू व्हायचं. मशीनमधल्या एका कार्डाने रॅममध्ये लिहिलेला नवा निकाल प्रोसेसरला दिसायचाच नाही, कॅशमधला जुनाच मिळायचा. (कार्ड कॅशला न विचारता रॅममध्ये लिहिणाऱ्यांपैकी होतं.) आमची चाचणी फक्त कार्डाच्या रजिस्टरांवर होती. त्या भागाला एमटीआरआर (पत्त्यांच्या पट्ट्यांनुसार मेमरी टाइप ठरवणारा प्रोसेसरमधला रजिस्टर-संच) अनकॅशेबल म्हणतो, आणि तिथे राइट-थ्रू मागितलं तरी अनकॅशेबलच मिळतं. चाचणी हिरवी, बफर शिळा. गंमत म्हणजे राइट-थ्रूला सातवा खाना दिला तो सुरक्षेसाठीच. काही जुन्या चिपमध्ये वरचा बिट दुर्लक्षिला जाई. तसं झालं तर ७ चा ३ होईल, तिथे अनकॅशेबल, वेग जाईल पण माहिती बिघडणार नाही. आम्ही नेमकं उलटं केलं होतं.

तुझ्याकडे करण्यासारखं बरंच आहे. नुसतं नाव बदलणारा किंवा फंक्शन हलवणारा पॅच असेल तर आधीची आणि नंतरची ऑब्जेक्ट फाइल ऑब्जडंपने (मशीन कोड वाचता येईल असा करणाऱ्या साधनाने) उलगडून ताडून बघ. वॉर्न मॅक्रोतले ओळींचे नंबर आणि हललेले पत्ते सोडून बाकी सूचना त्याच हव्यात. मशीन चालू करून डीमेसेजमधली (कर्नलच्या नोंदींमधली) पीएटीची ओळ वाच. खाने ० ते ७ क्रमाने छापलेले असतात. डीबगएफएसमधली (कर्नलच्या तपासणीसाठीच्या फाइलसिस्टिममधली) पॅट-मेमटाइप-लिस्ट दोन्ही कर्नलवर काढून शेजारी ठेव. एकदा 'नोपॅट' (पीएटी बंद ठेवणारा पर्याय) देऊनही बूट कर, तो रस्ता सहसा कोणी चालत नाही.

साफसफाईला मी नाकं मुरडत नाही हं. ५.६ कर्नलमध्ये आयओरिमॅप-नोकॅश (उपकरणाची मेमरी कॅशविना जोडणारं फंक्शन) काढून टाकलं ते उत्तमच झालं. साधं आयओरिमॅपही तेच करत होतं, आणि ते वेगळं नाव बघून नवी माणसं उगाच घाबरायची.

तुझ्या मालिकेत एकाच पॅचमध्ये फंक्शन हललंय आणि आतली अटही 'सोपी' केली आहे, असं कुठे दिसलं तर तो पॅच फोडून मागायला संकोच करू नकोस. नऊचे चौदा झाले तर होऊ देत.