वाचकांचे प्रश्न : रानातलं मांस आणि हॉटेलचं ताट

प्रश्न : मुलगा एडिनबरोला नोकरीला आहे. ऑक्टोबरात आम्ही दोघं जातोय. तिथल्या एका भारी रेस्टॉरंटात नियम पाळून, बेतानं मारलेल्या रानातल्या जनावरांचं मांस मिळतं, तिथं नेणार म्हणतो. हरणाचं मांस म्हटलं की मन कचरतं. मागवावं का आणि काय? — एक वाचक, लातूर

उत्तर : कचरणारच, कारण आपल्याकडे हरीण मारणं गुन्हा आहे. स्कॉटलंडची गत उलटी आहे. तिथले लांडगे माणसानं केव्हाच संपवले, त्यामुळे रेड डिअर या हरणांना आवर घालणारं रानात कोणी उरलं नाही. ती कोवळी रोपं खुडतात आणि नवं जंगल वर येतच नाही. म्हणून दरवर्षी ठरवून हरणं मारतात आणि ते मांस हॉटेलांत येतं. निःशंक मनानं खा.

फक्त 'रानातलं की फार्मवरचं?' हे आधी विचारा, कारण तिथं हरणांचे फार्मही आहेत. फेझंट हा पक्षी तर बहुधा पाळून, शिकारीपुरता मोकळा सोडलेला असतो. त्याला रानातला म्हणणं आम्हाला पटत नाही. रेड ग्राउस मात्र अस्सल रानपक्षी. त्याचा हंगाम १२ ऑगस्ट ते १० डिसेंबर, म्हणजे तुम्हाला ताजा मिळेल.

हरणाच्या मांसात चरबी जवळजवळ नसते. पाठीचा तुकडा आचारी आतून गुलाबी ठेवतो. आपल्या सवयीनं 'चांगलं शिजवून द्या' म्हणालात, तर त्याच तुकड्याचं चामडं होतं. गुलाबी मांस बघवत नसेल तर पाठ मागवूच नका. खांदा किंवा नळी मागवा. ती मंद आचेवर तीन-चार तास शिजते आणि हाडावरून आपोआप सुटते. त्यात बहुधा रेड वाइन असते. चालत नसेल तर आधीच सांगा.

पक्षी छऱ्यांनी मारतात. एखादा बारीक छर्रा मांसात राहतो, म्हणून घास सावकाश चावा, नाहीतर दाताचा टवका उडेल. छर्रा शिशाचा असू शकतो. लहान मुलं, गरोदर बायका आणि मूल होऊ देण्याच्या विचारात असलेल्यांनी असं मांस कमीत कमी खावं, असा ब्रिटनच्या अन्नसुरक्षा खात्याचा सल्ला आहे. सून-नातवंडं सोबत असतील तर हे ध्यानात ठेवा.

प्रश्न : हायवेवरच्या ढाब्यांवर 'तितर' आणि 'रानससा' आहे असं हळूच सांगतात. खाल्लं तर काय बिघडतं? — एक वाचक, परभणी

उत्तर : बरंच बिघडतं. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२चा आहे. तितर, ससा, काळवीट, रोही, जायकवाडीवर उतरणारी बदकं, सगळी त्यात येतात. कलम ४४ मध्ये तर खाणावळीत असं मांस शिजवून वाढण्याचाही उल्लेख आहे. पिकाच्या नासाडीमुळे वनखात्याच्या परवानगीनं जनावर मारलं गेलं, तरी ढाब्यावर त्याची हंडी लावायची मुभा कोणाला मिळत नाही. म्हणजे ताटातलं 'तितर' एकतर चोरीच्या शिकारीचं, नाहीतर दुसराच पक्षी तितर म्हणून तुमच्या गळ्यात मारलेला. रश्श्यात पडल्यावर डोळ्यांनी ओळखता येत नाही. मागवू नका आणि १९२६ या वनखात्याच्या हेल्पलाइनवर कळवा.

प्रश्न : मग रानपक्ष्यासारखी चव घरी कशी मिळेल? — एक वाचक, बीड

उत्तर : फार्मवरचा जपानी लावा घ्या. रानातला लावा नव्हे, आणि विकणाऱ्याकडून पावती मागाच. हा पक्षी पाच-सहा आठवड्यांत तयार होतो.

चार लाव्यांना चमचाभर मीठ, अर्धा चमचा हळद, आलं-लसूण आणि दोन चमचे दही चोळून अर्धा तास ठेवा. करडईच्या तेलात दोन कांदे लाल करा, भाजलेल्या सुक्या खोबऱ्याचं वाटण आणि दोन चमचे काळा मसाला तेल सुटेपर्यंत परता. मग पक्षी घालून दोन्ही बाजूंनी परता, दोन वाट्या गरम पाणी ओता, झाकण ठेवून मंद आचेवर वीस मिनिटं शिजवा. कुकर लावू नका. हाडं काडीसारखी बारीक असतात, शिट्टीत मोडतात आणि रश्श्यात त्यांचे कण येतात. जास्त वेळ ठेवलं तर छातीचं मांस कोरडं पडतं. मांडीत सुरी सहज शिरली आणि आत गुलाबी रस दिसला नाही की उतरवा. सोबत ज्वारीची गरम भाकरी.