विद्यापीठाच्या ग्रंथालयात जपानी पुस्तकांचे कॅटलॉगिंग करण्यासाठी जपानी भाषा कितपत यावी लागते?

आपला प्रश्न असा आहे की, जपानी भाषेची एन२ परीक्षा (पाच पातळ्यांपैकी वरून दुसरी; सर्वांत वरची एन१) आणि ग्रंथालयशास्त्राची पदवी एवढ्या तयारीवर विद्यापीठाच्या ग्रंथालयात जपानी कॅटलॉगरचे काम जमेल का, आणि त्या कामात दिवसभर नेमके काय करावे लागते. जिथली तालिका, म्हणजे पुस्तकांच्या नोंदींची सूची, रोमन लिपीत चालते अशा एका विद्यापीठात मी हे काम बरीच वर्षे करत आहे. त्या अनुभवावरून सांगतो.

पुस्तक वाचून समजण्याइतके जपानी आले की काम भागते, असा बहुतेकांचा समज असतो आणि माझाही होता. प्रत्यक्षात अर्थापाशी फारसे अडत नाही. अडते ते उच्चारापाशी. कांजी, म्हणजे चिनी मूळच्या चिन्हांच्या लिपीत लिहिलेले नाव डोळ्यांना स्वच्छ दिसते, पण ते कसे वाचायचे हे ती अक्षरे सांगत नाहीत. तीच दोन अक्षरे एका कुटुंबात ‘नाकाजिमा’ असतात आणि दुसऱ्यात ‘नाकाशिमा’; एकाच लेखनाची एक बाई ‘यूको’ असते, तर दुसरी ‘हिरोको’. रोमन लिपीत नोंद करायची म्हणजे यांपैकी एक उच्चार निवडावाच लागतो, आणि चुकीचा निवडला तर त्या लेखिकेची निम्मी पुस्तके एका नावाखाली व निम्मी दुसऱ्या नावाखाली जाऊन बसतात. दीर्घ ‘ओ’ची गोष्ट तर आणखी नाजूक आहे. ‘मोठे रान’ अशा अर्थाचे आडनाव आणि ‘छोटे रान’ अशा अर्थाचे आडनाव यांच्यात उच्चाराचा फरक केवळ पहिल्या ‘ओ’च्या लांबीचा आहे. रोमन लिपीत तो अक्षरावरच्या आडव्या रेघेने दाखवतात, देवनागरीत मात्र दोन्ही ‘ओनो’च दिसतात. ती रेघ राहून गेली की दोन वेगळी घराणी एक होतात.

म्हणून जपानी पुस्तक हातात आले की मी ते मागून उघडतो. शेवटच्या पानांजवळ ‘ओकुझुके’ नावाचा मजकूर असतो. त्यात शीर्षक, लेखक, प्रकाशक, मुद्रक आणि तारखा एकत्र दिलेल्या असतात, आणि पुष्कळदा लेखकाच्या नावाचा उच्चारही काना या उच्चारदर्शक लिपीत छापलेला असतो. एदो काळात, १७२२ साली, पुस्तकाच्या शेवटी लेखकाचे व प्रकाशकाचे खरे नाव देण्याचे बंधन शोगुनच्या, म्हणजे तेव्हाच्या लष्करी शासकाच्या, सरकारने घातले होते. ते बंधन सेन्सॉरशिपच्या हेतूने आले. आज तशी सक्ती नाही, पण प्रथा टिकून आहे, आणि एका दडपशाहीच्या नियमाचा सर्वाधिक लाभ कॅटलॉगरांना होत असावा, ही गंमत मला अजूनही वाटते. ओकुझुकेत उच्चार नसेल तर राष्ट्रीय डाएट ग्रंथालयाच्या (जपानी संसदेच्या ग्रंथालयाच्या) नावांच्या प्रमाण नोंदी पाहायच्या, जपानी विद्यापीठांची ‘साइनी’ ही संयुक्त तालिका पाहायची, आणि तरीही उलगडा झाला नाही तर लेखकाची आधीची पुस्तके किंवा त्याच्या संस्थेचे पान धुंडाळायचे. एका नावावर कधीकधी अर्धा दिवस जातो.

तारखा हा दुसरा सापळा. जपानी पुस्तकांत वर्ष पुष्कळदा सम्राटाच्या कारकिर्दीच्या नावाने मोजलेले असते. शोवा ५० म्हणजे १९७५, हे १९२५ मिळवून निघते आणि हेइसेइसाठी १९८८ मिळवावे लागतात. हे आठवडाभरात तोंडपाठ होते. मात्र दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील पुस्तकावर कधीकधी नुसते ‘२६०२’ छापलेले असते. ते जिम्मु या दंतकथेतील पहिल्या सम्राटाच्या पारंपरिक राज्यारोहणापासून मोजलेले वर्ष असून त्यातून ६६० वजा केले की १९४२ मिळते.

त्याहून अधिक चुका होतात त्या आवृत्ती आणि पुनर्मुद्रण यांच्यात. ओकुझुकेत ‘पहिली आवृत्ती, बारावी छपाई’ असे दोन्ही तपशील आपापल्या तारखांसह असतात. नोंद आवृत्तीवरून ठरते, छपाईवरून नाही. नवा असताना मी सर्वांत खालची, म्हणजे ताज्या छपाईची तारीख उचलली आणि तालिकेत आधीच असलेल्या पुस्तकाची नवी नोंद केली. हेच एका पुस्तकाच्या बाबतीत दोनदा घडले. तिन्ही नोंदी एकत्र करण्याचे काम माझ्याकडेच आले, त्यामुळे तो धडा पक्का झाला.

जपानी लेखनात शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत, पण रोमन लिपीत ती सोडावी लागते, आणि कुठे सोडायची यासाठी अमेरिकन ग्रंथालय संघटना व लायब्ररी ऑफ काँग्रेस यांचे संयुक्त नियम आहेत. ‘जपानी साहित्याचा इतिहास’ हे शीर्षक ‘निहोन बुंगाकुशी’ असे दोन शब्दांत लिहायचे; शेवटचा ‘शी’ तोडला तर शोधणाऱ्याला पुस्तक न सापडण्याची शक्यता असते. देशाचे नाव सहसा ‘निहोन’ लिहायचे, पण संस्था स्वतःला ‘निप्पोन’ म्हणवत असेल तर तसे लिहायचे. मध्यवर्ती बँकेच्या नोटांवर रोमन लिपीत ‘निप्पोन गिन्को’ असेच छापलेले असते. यंत्राने केलेले लिप्यंतर मी रोज वापरतो, परंतु व्यक्तिनामे आणि शब्दांची तोड या दोन गोष्टी त्याच्यावर सोडत नाही.

जपानमध्ये तयार झालेली नोंद मिळाली तरी ती तशीच उचलता येत नाही. तिथले वर्गीकरण मोरि कियोशी यांच्या १९२९ च्या दशांश पद्धतीवर चालते आणि त्यात ९१३ म्हणजे जपानी कथा-कादंबऱ्या. ड्युई या अमेरिकी ग्रंथपालाच्या पद्धतीत हाच क्रमांक प्राचीन जगाच्या भूगोलाचा आहे. विषयशीर्षकेही (पुस्तकाचा विषय सांगणारे ठरावीक शब्द) नव्याने द्यावी लागतात. त्यासाठी प्रस्तावना आणि अनुक्रमणिका भराभर वाचता आली पाहिजे, संपूर्ण पुस्तक नव्हे.

आता आपल्या तयारीविषयी. समकालीन पुस्तकांसाठी एन२ पुरेसे ठरू शकते; पण १९४६ नंतरच्या लिपीसुधारणांपूर्वीचे ग्रंथ आले की जुनी कांजी रूपे आणि जुने काना-लेखन वाचावे लागते, आणि ते या परीक्षांच्या तयारीत शिकायला मिळत नाही. एन१ झालेले सहकारीही तिथे अडखळताना मी पाहिले आहेत. एदोकालीन धावत्या हस्ताक्षराचे ग्रंथ ही तर निराळीच विद्या आहे. शिवाय या पदांची संख्या थोडी असते आणि जपानीबरोबर चिनी किंवा कोरियन पुस्तकेही त्याच व्यक्तीकडे सोपवली जाणे नेहमीचे आहे. मुलाखतीला गेलात तर एक गोष्ट अवश्य विचारा: तयार नोंदी दुरुस्त करण्याचे काम किती आणि मुळापासून नव्या नोंदी करण्याचे किती? पहिल्या प्रकारचे काम अधिक असेल तर आज आहे त्या तयारीवर अर्ज करायला हरकत नाही. दुसरे अधिक असेल तर आधी युद्धपूर्व काळातील दहाबारा पुस्तके मिळवा आणि त्यांच्या ओकुझुके कोशाच्या मदतीने पूर्ण वाचून, प्रत्येकीतील नावांचा उच्चार पुराव्यानिशी ठरवून पाहा.